संस्कृत घेऊन दवाखान्यात

मी बी.ए. झाले तेव्हा आरमोरीत बी.ए. झालेली दुसरी बाई नव्हती, आणि या पहिल्या बाईचं काय करायचं हेही कोणाला ठाऊक नव्हतं. विषय संस्कृत. नागपूरला मामाच्या घरी राहून शिकले. परत आले त्या दिवशी बाबांनी पेढे वाटले आणि दुसऱ्या दिवसापासून लोक कामं घेऊन यायला लागले. कोणी पत्रिका आणली, कोणी बारशासाठी नाव विचारलं. एका शेजाऱ्याला बैलाची दृष्ट उतरवायचा मंत्र हवा होता. मी म्हटलं, मी नाटकं वाचली आहेत, व्याकरण शिकले आहे, मंत्र मला येत नाहीत. त्याने माझ्याकडे नाही, बाबांकडे पाहिलं. एवढं शिकवून पोरीला मंत्रही येऊ नये, याचं त्याला बाबांसाठी वाईट वाटत होतं.

बाबा मराठी शाळेत हेडमास्तर होते. आमच्या घराण्यात धानाची शेती सोडून दुसरं काही करणारे ते पहिलेच. त्यांच्या मते मी मुलींची शाळा निघेपर्यंत थांबावं. शाळा निघणार असं बरीच वर्षं बोललं जात होतं. लग्नाचंही थांबलेलंच होतं. नवरा बायकोपेक्षा जास्त शिकलेला हवा, या हिशेबाने मला एम.ए. नवरा लागणार होता. चांद्याला असे दोघं असल्याचं ऐकलं होतं. दोघांचीही लग्नं झालेली होती.

घरात आम्ही तिघं. माझी आई मी लहान असतानाच गेली. तिसरी म्हणजे मोठी आई, बाबांच्या थोरल्या भावाची बायको. ती लग्न होऊन घरात आली तेव्हा बाबा शाळेतही जात नव्हते. तिनेच त्यांना लहानाचं मोठं केलं. मोठे बाबा गेल्यावर शेतही तीच पाहायची. हेडमास्तर असून बाबा तिच्यासमोर बिडी ओढत नसत आणि तिने सांगितलेल्या गोष्टीला दुसरा प्रश्न विचारत नसत.

मी नागपूरला जायच्या आधी रोवणीच्या वेळी मोठी आई बायकांच्या रांगेत सगळ्यांच्या पुढे असायची. गुडघाभर चिखलात वाकून ती रोपं लावायची तेव्हा बाकीच्यांना तिला गाठता येत नसे. परत आले तर ती बांधावर बसून हुकूम देत होती. शुक्रवारच्या बाजाराला जाणं तिने सोडलं होतं. उठताना दाराची चौकट धरायची. गावात बायका म्हणत, पोरगी बी.ए. झाली म्हणून म्हातारीला मोठेपणा आला. ती म्हातारी नव्हती. पन्नाशीही गाठलेली नव्हती.

एका दुपारी ती गोठ्यामागे कपड्याच्या लांब पट्ट्या धुऊन वाळत घालताना दिसली. पट्ट्यांवर तिने एक जुनं लुगडं पांघरलं होतं, म्हणजे पट्ट्या दिसू नयेत आणि वाळाव्यातही. मी विचारलं हे काय. तिने मला आत बोलावलं, दार लोटलं आणि भिंतीकडे तोंड करून सांगितलं, "अंग बाहेर येते, पोरी."

शेवटच्या बाळंतपणापासूनचं ते दुखणं होतं. तेही मूल जगलं नव्हतं. मूल गेलं त्याच हंगामात ती रोवणीला गेली, आणि तेव्हापासून पट्ट्या घट्ट बांधून ती चालत, वाकत, बसत होती. आता पट्ट्यांनीही भागत नव्हतं. मी विचारलं, कोणाला सांगितलं का नाही.

"कोणाले सांगू? तुह्या बाबाले?"

मी डॉक्टरांचं नाव काढलं. ती म्हणाली, "तो माणूस हाये." डॉक्टर पुरुष आहे, हे तिने तक्रार म्हणून सांगितलं नाही. मला माहीत नसावं अशा समजुतीने सांगितलं.

आरमोरीचा दवाखाना म्हणजे कौलारू इमारत, पुढे पडवी, अंगणात कडुलिंब. डॉक्टर भंडाऱ्याकडचे, उतारवयाचे, फार न बोलणारे. त्यांच्या दवाखान्यात बायका येत, पण पडवीपर्यंतच. नवरा आत जाऊन बायकोचं दुखणं सांगायचा आणि बायको कडुलिंबाकडे तोंड करून, डोक्यावरचा पदर ओढून उभी राहायची. डॉक्टरांनी काही विचारलं की नवरा पडवीत येऊन तिला विचारायचा, तिने सांगितलेल्यातलं त्याला जे बरं वाटेल ते आत जाऊन सांगायचा. डॉक्टर त्या निरोपावर औषध द्यायचे. बहुतेक बायकांचं पोट दुखत असे. ताप असला तरी पोट दुखत असे, कारण तेवढं नवऱ्याला सांगता येत होतं.

मी एकटीच डॉक्टरांकडे गेले. रस्त्यात मला कळलं की हे दुखणं परक्या पुरुषाला सांगायला माझ्याकडे मराठी शब्द नाही. म्हणजे शब्द होता, मोठ्या आईने तोच वापरला होता, पण तो माझ्या तोंडून निघेना. शेवटी मी संस्कृतात एक सामासिक शब्द तयार केला आणि तो बोलले. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"अंग बाहेर येतं का?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. दवाखान्यात संस्कृत बोलायची माझी ती पहिली आणि शेवटची वेळ.

डॉक्टर म्हणाले, तपासल्याशिवाय काही करता येणार नाही. मी म्हटलं, ती तपासू देणार नाही. ते म्हणाले, मग तुम्ही तपासा, मी बाहेरून सांगतो.

मोठ्या आईला तयार करायला आठवडा गेला. शेवटी ती आली ती एवढ्या अटीवर की डॉक्टरने तिचं तोंड पाहायचं नाही. औषधांच्या कोठीत एक बाक होता. डॉक्टरांनी मध्ये चादर बांधली. चादरीच्या आत मी आणि मोठी आई. बाहेर डॉक्टर स्टुलावर, भिंतीकडे तोंड करून. त्यांनी मला आधी साबणाने हात धुवायला लावले, मग परत धुवायला लावले. मग एकेक विचारत गेले. काय दिसतं, केवढं आहे, रंग कसा, कुठे घासून जखम झाली आहे का, खोकल्यावर काय होतं. मी पाहत होते आणि सांगत होते. माझा आवाज मला वर्गात उतारा वाचल्यासारखा ऐकू येत होता. मोठी आई छताकडे पाहत होती. किळस येईल असं मला वाटलं होतं. आली नाही. फक्त इतकी वर्षं हे अंगावर घेऊन ती शेतात वाकत होती, एवढंच डोक्यात येत होतं.

डॉक्टरांनी कपाटातून अंग आत धरून ठेवणाऱ्या रबराच्या काही कड्या काढल्या, उकळलेल्या पाण्यातून आणि औषधातून काढून चादरीखालून आत सरकवल्या. कडी कशी धरायची, कशी सरकवायची, कुठे टेकली म्हणजे सोडायची, हे सगळं त्यांनी भिंतीकडे पाहत सांगितलं. पहिली कडी ती खोकताच निघाली. तिच्याहून मोठी बसली. मग त्यांनी तिला खोकायला लावलं, उकिडवं बसायला लावलं, चालायला लावलं. मोठी आई कडुलिंबापर्यंत गेली आणि परत आली. घरी जाताना तिने सरळ वाट सोडून बाजारातली वाट धरली आणि काही गरज नसताना वांगी घेतली.

कडी ठराविक दिवसांनी काढून धुवावी लागते, ते मला शिकवलं होतं. मी ते करत गेले. पुढच्या रोवणीला मोठी आई रांगेत होती.

आपल्या दुखण्याबद्दल ती कोणाशी अक्षर बोलली नाही. पण बांधावर, पाणवठ्यावर ती बायकांना एवढंच सांगत गेली, "दवाखान्यात आपली पोरगी बसते. तिले सांगा." मी दवाखान्यात बसत नव्हते. बायका तिथे गेल्या, पोरगी कुठे म्हणून विचारलं, आणि पोरगी नाही म्हटल्यावर परत गेल्या. असं दोन-चारदा झाल्यावर डॉक्टरांनी मला निरोप पाठवला की आता बसाच.

म्हणून मी कोठीत बसायला लागले. पगार नाही, पद नाही, एक स्टूल. बायका आत येत, दार लोटून घेत आणि बोलत. मी ऐकून डॉक्टरांना सांगत असे, डॉक्टर जे विचारतील ते परत जाऊन विचारत असे. नवऱ्याचं काम मी करत होते, फक्त मधलं गाळत नव्हते. दवाखान्याच्या कंपाउंडरांना हे आवडलं नाही. त्यांचं म्हणणं होतं की बायका आतापर्यंतही बऱ्या होतच होत्या. कुठल्या बायका, ते त्यांनी सांगितलं नाही.

एकदा जंगलातल्या गावाहून एक गोंड बाई आली. नवरा सोबत होता. तो सांगू लागला की हिचं डोकं दुखतं. बाई कुडाला टेकून बसली होती आणि तिचा एक हात सारखा छातीशी जात होता. मी नवऱ्याला बाहेरून पाणी आणायला पाठवलं. तिला मराठी थोडं येत होतं, मला गोंडी येत नव्हती. तिने चोळी बाजूला केली. पाजत्या बाईची छाती पिकली होती, दगडासारखी घट्ट, लाल झालेली, वर ताप. तोवर नवरा पाणी घेऊन परत आला. माझं ऐकून डॉक्टरांनी चीर द्यायला हवी म्हटलं. तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. डॉक्टर आत आले, मी तिचा हात धरला, आणि पू निघाला तेव्हा तिने माझं मनगट इतकं दाबलं की दुसऱ्या दिवशी निळं पडलं. डोकं दुखत नव्हतं का, असं नंतर नवऱ्याने विचारलं. ती म्हणाली, तेही दुखत होतं.

त्या दिवशी हात धुताना डॉक्टर म्हणाले, नागपूरला एक नवा वर्ग निघाला आहे. खेड्यातल्या दवाखान्यांसाठी डॉक्टरांचे मदतनीस तयार करायचा. तपासणं, जखमा बांधणं, इंजेक्शन देणं, आणि आपल्याला जमणार नाही ते ओळखून पुढे पाठवणं, एवढं शिकवतात. तुम्ही अर्ज करा. मी म्हटलं, मी संस्कृत घेतलं आहे. ते म्हणाले, "ते आता झालं. त्याला इलाज नाही."

बाबांना हे पसंत पडलं नाही. शिक्षकाची मुलगी लोकांचे पू-रक्त काढणार, हे त्यांना पटेना. ते रागावले नाहीत. त्यांनी मला समोर बसवून विद्येचं मोल समजावलं, आणि बी.ए.नंतर ही पायरी खालची आहे हे दोन-तीन प्रकारांनी सांगितलं. मोठी आई दारात सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. पाखडता पाखडताच ती म्हणाली, "जाऊ दे गा तिले."

बाबा म्हणाले, "पण काऊन, वहिनी?"

ती थांबली. सूप खाली ठेवलं. तिला सांगता येणार नव्हतं आणि बाबांना विचारता येणार नव्हतं, पण विचारून झालं होतं. "सांगाजोगं नाई," ती म्हणाली. "पण माह्यासाठी जाऊ दे."

बाबा उठले, बाहेर जाऊन विहिरीपाशी उभे राहिले आणि परत येऊन मला म्हणाले, अर्जाचा कागद कुठे आहे.

अर्ज बाबांनीच भरला, कारण आमच्या घरात चांगलं अक्षर त्यांचं. छापील अर्ज मराठीत होता. एका रकान्यात लिहिलं होतं, "शास्त्र विषय." तिथे रसायन, पदार्थविज्ञान असं काहीतरी अपेक्षित असणार, असं मी बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, तसं छापलेलं नाही. शास्त्र विचारलं आहे, आणि तुझी शास्त्रं चार आहेत. त्यांनी टाक बुडवला आणि वळणदार अक्षरात व्याकरणशास्त्र, न्यायशास्त्र, अलंकारशास्त्र आणि छंदःशास्त्र असं लिहिलं. यात चेष्टा नव्हती. व्याकरणाहून जुनं शास्त्र कोणी दाखवून द्यावं, असं ते म्हणाले. दाखवून द्यायला तिथे मोठी आई होती, तिने विषय वाढवला नाही.

मुलाखतीचं बोलावणं आलं. मला वाटतं अर्ज चाळणाऱ्या कारकुनाने रकाना भरलेला पाहिला आणि पुढे ढकलला. बाकीच्यांची शास्त्रं दोन किंवा तीन असणार. माझ्याइतकी कोणाचीच नव्हती.

बाबा सोबत आले. वडशापर्यंत बस, वडशाहून छोट्या रुळांची गाडी, नागभीडला बदलून नागपूर. गाडी इतकी हळू जायची की वाटेत लोक उतरून टेंभरं तोडून परत चढायचे. बाबांनी रस्ताभर मला अलंकारांच्या व्याख्या विचारल्या. त्यांची खात्री होती की मुलाखतीत त्या विचारतील.

त्यांनी विचारल्या. मंडळात तिघं होते. मधले वर्गाचे प्रमुख, मोठे डॉक्टर. एका बाजूला सरकारी अधिकारी, दुसऱ्या बाजूला एक लेडी डॉक्टर, पांढऱ्या पातळातल्या. प्रमुखांनी अर्ज वाचला, परत वाचला, आणि अधिकाऱ्यांपुढे सरकवला. मग मला विचारलं, अलंकारशास्त्रात काय शिकवतात, उपमेची व्याख्या काय. मी सांगितलं. ते लक्ष देऊन ऐकत होते. संपल्यावर त्यांनी विचारलं, पाण्यात काय असतं.

मी म्हटलं, हे मला शिकवलेलं नाही.

मिठात काय असतं, तेही मला माहीत नव्हतं. अधिकारी म्हणाले, मग तुम्हाला बोलावलं कोणी. मी म्हटलं, आपणच. प्रमुख कागद बाजूला ठेवत होते तेवढ्यात लेडी डॉक्टरांनी विचारलं, आरमोरीच्या दवाखान्यात तुम्ही करता काय. मी स्टुलाचं सांगितलं, चादरीचं सांगितलं, गोंड बाईचं सांगितलं. मोठ्या आईचं सांगितलं, पण ती कोण ते सांगितलं नाही. त्यांनी कडीचं माप विचारलं. मी बोटांनी दाखवलं. ती काढून किती वेळा धुता, पाण्यात काय घालता, असं त्या विचारत राहिल्या आणि मला सगळं सांगता आलं. प्रमुख म्हणाले, हे अभ्यासक्रमात नाही. लेडी डॉक्टर म्हणाल्या, "नाही ना. तेच तर."

निर्णय तिथेच सांगितला. या खेपेला जागा नाही. मॅट्रिकचा शास्त्राचा पेपर पास होऊन या, मग पाहू. प्रमुखांनी "शास्त्राचा" म्हणताना क्षणभर थांबून "रसायन आणि शरीरविज्ञान" अशी भर घातली, म्हणजे परत घोटाळा नको. मी बाहेर आल्यावर बाबांनी विचारलं, कुठला अलंकार विचारला. मी उपमा म्हटलं. ते म्हणाले, सोपा विचारला.

परतीच्या गाडीत मी खिडकीपाशी बसून रडले. बाबांनी पाहिलं नाही असं दाखवलं आणि वडसा येईपर्यंत वर्तमानपत्र वाचलं. ते पत्र त्यांनी मी मुलाखतीत असतानाच वाचून संपवलं होतं.

मग अभ्यास. शरीर डॉक्टरांनी शिकवलं, रोग्यांची गर्दी कमी झाल्यावर, पडवीत. रसायन मी हायस्कूलच्या पुस्तकांवरून केलं. ते मला समजत नव्हतं, म्हणून जे समजत नव्हतं ते मला ज्या एका पद्धतीने पाठ करता येत होतं त्या पद्धतीने केलं. धातुरूपं चालवावीत तशी मी पहाटे उठून सोडियम, पोटॅशियम चालवायची. मोठी आई जातं थांबवून ऐकायची आणि संपलं की हात जोडायची. तिला मी सांगितलं की हे स्तोत्र नाही. ती म्हणाली, असू दे, सकाळच्या पारी म्हणते ना.

पाठ झालेलं हळूहळू समजायलाही लागलं. एका दिवशी मिठाच्या डबीत हात घातला आणि आत काय आहे ते मला ठाऊक असल्याचं लक्षात आलं. त्या दिवशी भाजी खारट झाली.

परीक्षेचं केंद्र ब्रह्मपुरीला होतं. मी खोलीत शिरले तर सगळी मुलं उभी राहिली. त्यांना मी पर्यवेक्षक वाटले. मी शेवटच्या बाकावर जाऊन बसले तेव्हा ती बसली, पण कुजबुज थांबेना. खरे पर्यवेक्षक आले आणि मला म्हणाले, बाई, तुम्हाला कुठल्या खोलीवर नेमलं आहे. मी त्यांना माझा परीक्षेचा क्रमांक दाखवला. त्यांनी तो प्रकाशाकडे धरून पाहिला. मी बी.ए. आहे हे कुजबुजीतून कळल्यावर शेजारचा मुलगा मला रसायनातला एक प्रश्न विचारू लागला. मला तो येत नव्हता, आला असता तरी सांगितला नसता. मी पास झाले. फार वर नाही, फार खालीही नाही.

दुसऱ्यांदा अर्ज केला तोपर्यंत आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून काढून मुंबई राज्यात ठेवला होता. आम्ही कुठे गेलो नव्हतो. माझे पहिले कागद मात्र गेले होते, भोपाळला, दुसऱ्या कुठल्या तरी गठ्ठ्यात. म्हणून सगळं नव्याने द्यावं लागलं. या वेळी रकाना मी भरला. बाबांनी वाचला आणि म्हणाले, चार होती, आता सहा झाली. त्यांनी मला जुनी चार गाळू दिली नाहीत.

मंडळ तेच होतं, बाहेरची पाटी नवी होती. प्रमुखांनी पाणी विचारलं, मीठ विचारलं, हृदयाचे कप्पे विचारले. अधिकाऱ्यांनी विचारलं, लग्न झालं की सोडून जाल ना. मी म्हटलं, एम.ए. झालेला मिळाला तर विचार करावा लागेल. लेडी डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि खिडकीकडे पाहिलं. प्रमुखांनी मला घेतलं.

घेतल्यावर असं निघालं की वर्गात मी एकटीच बाई, आणि बायकांची राहायची सोय कोणी केलेलीच नाही. नर्सांच्या वसतिगृहात विचारलं तर मेट्रन म्हणाल्या, ही नर्स नाही. मुलांच्या वसतिगृहात विचारायचा प्रश्न नव्हता. दोन दिवस मामाकडे राहिले, पण ते गावाच्या दुसऱ्या टोकाला. शेवटी लेडी डॉक्टरांनी त्यांच्या बंगल्यामागची खोली दिली. त्या खोलीत आधी त्यांची म्हैस होती. म्हैस आधीच विकली होती, की माझ्यासाठी विकली, हे मला कधी कळलं नाही. मी दोनदा विचारलं, त्यांनी दोन्ही वेळा अभ्यास कसा चालला आहे ते विचारलं.

वर्गात बाकीचे सगळे शास्त्र घेतलेले होते. त्यांना सूक्ष्मदर्शक आधीपासून येत होता, मला आधीपासून रोगी येत होते. पहिल्या सहामाहीत मी सगळ्यांच्या मागे होते, शेवटी मध्यावर आले. पहिला आला तो मुलगा भित्रा होता, इंजेक्शन देताना डोळे मिटायचा. त्याला मी शिकवलं. मला त्याने सूक्ष्मदर्शक शिकवला. त्यात मला पहिल्यांदा बराच काळ माझ्याच पापण्या दिसत होत्या.

मला नेमणूक मिळाली सिरोंच्याला. बाबांनी नकाशा काढला आणि जिल्ह्याच्या खालच्या टोकावर बोट ठेवून म्हणाले, यापुढे नदी आहे. चांद्याहून बस आलापल्लीच्या जंगलातून जायची, तीही उन्हाळ्या-हिवाळ्यात. पावसाळ्यात नाले भरले की सिरोंचा आपल्या जागी राहायचं आणि आपण आपल्या. निघताना मोठ्या आईने तांदळाची पिशवी दिली, आणि बाबांनी त्यांची छत्री.

दवाखाना नदीच्या बाजूला होता. डॉक्टर महिन्यातले बरेच दिवस दौऱ्यावर असत. मी पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक कोळीण आली. तळहात मुठीत धरलेला, सुजलेला. ती तेलुगूत बोलत होती आणि मला तेलुगू येत नव्हतं. दोन्ही भाषा येणारा शिपाई पाणी भरायला गेला होता. तिने मूठ उघडली, अंगठ्याखाली बोट ठेवलं आणि म्हणाली, "मुल्लु." मी दाबून पाहिलं. आत काहीतरी कडक होतं. हात धुतले, चिमटा उकळला, जागा साफ केली, आणि बऱ्याच शोधाशोधीनंतर माशाचा एक काटा निघाला, लांब, वाकडा. मी तो तिला दाखवला. म्हटलं, "मुल्लु?"

ती हो म्हणाली. पट्टी बांधून घेतली. मग बाहेर जाऊन टोपलीतून पानात गुंडाळलेला एक मासा आणला आणि टेबलावर, माझ्या नेमणुकीच्या कागदाशेजारी ठेवला. मी नको म्हटलं, मराठीत. तिला ते कळलं नाही, किंवा कळलं. ती गेली. शिपाई आला तेव्हा मी त्याला विचारलं, याचं काय करतात इथे. तो म्हणाला, "कालवण."